पडणाऱ्या वस्तूचा दणका किती? आघात बलाच्या हिशोबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांतून येतात, उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून येतात, बांधकामाच्या साइटवरून येतात आणि परीक्षा जवळ आली की डिप्लोमाच्या पोरांकडून येतात. शब्द वेगळे असले तरी चूक बहुतेकदा एकच असते. वजन माहीत आहे, उंची माहीत आहे, आता बल सांगा, असं विचारलं जातं. तिसरा आकडा, म्हणजे थांबण्याचं अंतर, कुणीच आणत नाही.

१० किलोची वस्तू ५ मीटरवरून पडली तर किती किलोचा दणका बसतो?

एवढ्या माहितीवर बल सांगता येत नाही. सांगता येतं ते इतकंच: वस्तू सुमारे एका सेकंदात खाली येईल, टेकताना तिचा वेग सेकंदाला ९.९ मीटर, म्हणजे ताशी साधारण ३६ किलोमीटर असेल आणि तिच्यात ४९० ज्यूल ऊर्जा असेल. ती वस्तू किती अंतरात थांबली, यावर पुढचं सगळं ठरतं.

१० सेंटिमीटर रुतून थांबली तर सरासरी दणका ५१० किलोचा. १ सेंटिमीटरमध्ये थांबली तर ५,०१० किलोचा. २ मिलिमीटरमध्ये थांबली तर २५ टनांचा. वस्तू तीच, उंची तीच, आणि उत्तर अर्ध्या टनापासून पंचवीस टनांपर्यंत. म्हणून कुणी थांबण्याचं अंतर न विचारता थेट बलाचा आकडा सांगितला, तर त्यानं ते अंतर मनानं धरलंय एवढं ओळखावं.

मग सूत्र काय?

सरासरी बल = वस्तुमान × ९.८ × (१ + पडण्याची उंची ÷ थांबण्याचं अंतर)

वस्तुमान किलोत, दोन्ही अंतरं मीटरमध्ये, उत्तर न्यूटनमध्ये. कामावर न्यूटन कुणी बोलत नाही, किलोच विचारतात. तेव्हा आणखी सोपं: वस्तूच्या वजनाला (१ + उंची ÷ थांबण्याचं अंतर) यानं गुणा, उत्तर थेट किलोत येतं. ९.८ लागतच नाही.

कंसातला तो १ कशासाठी? वस्तू थांबत असतानाही तिचं वजन खाली ओढतच असतं, तेही खालच्या जागेलाच पेलावं लागतं. उंची मोठी आणि अंतर छोटं असेल तर हा १ सोडला तरी चालतं. पण वस्तू गादीवर, जाळीवर किंवा दोरीच्या टोकाशी थांबत असेल तर सोडू नका. तिथं तो उत्तराचा चांगला मोठा भाग असतो.

एक उदाहरण पायरीपायरीनं करून दाखवाल का?

तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून, म्हणजे मचाणावरून, ९ मीटर उंचीवरून ३ किलोची वीट निसटली असं धरू.

१. ऊर्जा: ३ × ९.८ × ९ = सुमारे २६५ ज्यूल. हा आकडा आधी काढा. बल बदलेल, हा बदलणार नाही.

२. वेग: २ × ९.८ × ९ चं वर्गमूळ, सेकंदाला १३.३ मीटर. ताशी ४८ किलोमीटर.

३. थांबण्याचं अंतर: पायाच्या खणलेल्या भुसभुशीत मातीत वीट ५ सेंटिमीटर रुतली, म्हणजे ०.०५ मीटर.

४. बल: ३ × (१ + ९ ÷ ०.०५) = ३ × १८१ = ५४३ किलो. न्यूटनमध्ये ५,३२०.

तीच वीट काँक्रीटच्या कोब्यावर पडली, तिचा कोपरा चुरडून ५ मिलिमीटरमध्ये थांबली, तर ३ × १,८०१ = सुमारे ५,४०० किलो. मातीतल्या आकड्याच्या दहापट, कारण अंतर दहावा हिस्सा.

सगळ्यात जास्त चुका तिसऱ्या पायरीत होतात: ५ मिलिमीटरला ०.०५ मीटर लिहिलं जातं. ते ०.००५ आहे.

थांबण्याचं अंतर म्हणजे खड्ड्याची खोली ना?

नेहमी नाही. पहिल्यांदा टेकल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत वस्तूचा गुरुत्वमध्य जेवढा खाली गेला, ते हे अंतर. त्यात तीन गोष्टी येतात: खालची जागा किती दबली, वस्तू स्वतः किती दबली किंवा चुरडली, आणि खालचा आधार, म्हणजे फळी, पत्रा किंवा स्लॅब, किती लवला.

मातीत लोखंडी गोळा पडला तर खड्ड्याची खोली चालते, कारण गोळा दबत नाही. साखरेचं ५० किलोचं पोतं फरशीवर पडलं तर फरशीत खड्डा शून्य, पण पोतं स्वतःच ७-८ सेंटिमीटर बसतं. तिथं खड्डा मोजून ‘अंतर शून्य, बल अनंत’ असं उत्तर काढणारेही आहेत.

आणि वस्तू दबून परत वर आली, तर नंतर दिसणारा खड्डा हा खऱ्या अंतरापेक्षा कमी असतो. रबर, लाकूड, स्प्रिंगसारखा पत्रा, सगळीकडे हीच गत.

ते अंतर मोजायचं कसं?

शक्य असेल तर करून बघा. अंदाज हा शेवटचा उपाय.

मऊ जागेसाठी: वस्तूला उभी पट्टी चिकटवा, पडण्याआधी पृष्ठभागाची पातळी दोरी ताणून ठरवा, पडल्यावर पट्टी किती खाली गेली ते वाचा. पाच वेळा टाका. दर वेळी माती नव्यानं उकरून सपाट करा, कारण एकदा दणका बसलेली जागा घट्ट होते आणि दुसऱ्या वेळी अंतर कमी येतं. ही उकरण्याची पायरी सगळे टाळतात, आणि मग ‘आकडे जुळत नाहीत’ म्हणतात.

कडक वस्तू कडक जागी पडत असेल तर मध्ये शाडूचा जाड थर द्या. गणपतीच्या दिवसांत कुंभार गल्लीत मिळतो तोच शाडू, नीट मळलेला. शाडू दबतो आणि परत येत नाही, त्यामुळे खळग्याची खोली विश्वासानं मोजता येते. मात्र हे बल शाडूवरचं झालं, फरशीवरचं नव्हे. दोन वस्तूंची किंवा दोन उंचींची तुलना करायला ते चांगलं आहे.

लवणाऱ्या आधारासाठी: फळीखाली ओल्या मातीचा शंकू उभा करा, त्याचं टोक फळीला जेमतेम लागू दे. दणक्यानं फळी जेवढी लवली तेवढा शंकू चेपतो. डायल गेज लावण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, आणि गेज दणक्यात खराब होतो ते वेगळंच.

मोजणं शक्यच नसेल तर निव्वळ सुरुवातीसाठी: पोलाद काँक्रीटवर १ ते ३ मिलिमीटर, लाकडी खोकं फरशीवर ५ ते १० मिलिमीटर, घट्ट कोरडी माती १ ते २ सेंटिमीटर, उकरलेली माती ५ ते १० सेंटिमीटर. फोमच्या गादीत जाडीच्या साधारण अर्ध्यापर्यंत. यातला प्रत्येक आकडा दुपटीनं इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून हिशोब दोन्ही टोकांनी करून ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असंच लिहा.

सरासरी बल आणि कमाल बल यांत फरक किती?

वर दिलेलं सूत्र सरासरी देतं. वस्तू मोडते, बोल्ट तुटतो, तो कमाल बलानं.

खालची जागा स्प्रिंगसारखी असेल, म्हणजे जितकी दबेल तितकी जोरानं ढकलेल, तर कमाल बल सरासरीच्या दुप्पट. फळी, बीम, दोरी, रबर यांना हे बऱ्यापैकी लागू पडतं. माती, थर्माकोल, पुठ्ठ्याचं खोकं यांसारख्या चुरडत जाणाऱ्या वस्तूंत बल बरंचसं एकसारखं राहतं, म्हणून कमाल आणि सरासरी जवळजवळ असतात. पॅकिंगला म्हणूनच चुरडणारं साहित्य वापरतात.

पातळ फोम मात्र फसवतो. सुरुवातीला मऊ लागतो, मग त्यातली हवा संपते, थर तळाला टेकतो आणि उरलेली सगळी ऊर्जा शेवटच्या दोन मिलिमीटरमध्ये जाते. सरासरी छान दिसते आणि यंत्राचा पाय तुटलेला असतो. फोम दाबून अर्ध्याहून कमी जाडीचा होत असेल तर तो फोम त्या वजनाला पातळ आहे.

आमच्या पुस्तकात बल = संवेगातला बदल ÷ वेळ असं आहे. मग उत्तर वेगळं का येतं?

कारण ‘सरासरी’ दोन प्रकारची आहे. ऊर्जेच्या वाटेनं गेलं की अंतरावरची सरासरी मिळते, संवेगाच्या (वस्तुमान × वेग) वाटेनं वेळेवरची. बल पूर्ण वेळ एकसारखं असेल तरच दोन्ही जुळतात.

पहिल्याच प्रश्नातली १० किलोची वस्तू घ्या, स्प्रिंगसारख्या जागेवर १ सेंटिमीटरमध्ये थांबणारी. वजनाचा तो १ सोडला तर अंतरावरची सरासरी ४९,००० न्यूटन. थांबायला लागलेला वेळ सुमारे १.५९ मिलिसेकंद, म्हणून वेळेवरची सरासरी ९९ ÷ ०.००१५९, सुमारे ६२,३०० न्यूटन. आणि कमाल ९८,००० न्यूटन. तिन्ही बरोबर आहेत. उत्तरपत्रिकेत किंवा अहवालात यातलं कुठलं लिहिलंय ते सांगितलं नाही, तर मात्र तिन्ही निरुपयोगी.

कामावर अंतर मोजणं सोपं, वेळ मोजणं अवघड. म्हणून आम्ही अंतराची वाट धरतो.

फाउंड्रीत वाळूची चाचणी करताना तेच वजन तीन वेळा पाडतात. तिथं बल किती धरायचं?

हा सगळ्या यादीतला सर्वांत चांगला प्रश्न.

सँड रॅमरमध्ये सुमारे साडेसहा किलोचं वजन ५० मिलिमीटर उंचीवरून तीनदा पडतं आणि ५० मिलिमीटर व्यासाचा, ५० मिलिमीटर उंचीचा नमुना तयार होतो. दर ठोक्याला ऊर्जा साधारण ३.२ ज्यूल, तिन्ही वेळा तेवढीच. बल मात्र तिन्ही वेळा वेगळं. समजा पहिल्या ठोक्याला वाळू १० मिलिमीटर दबली, तर सरासरी बल ६.५ × (१ + ५०/१०) = ३९ किलो. तिसऱ्या ठोक्याला वाळू घट्ट झालेली, ती १ मिलिमीटरच दबली, तर ६.५ × ५१ = ३३० किलोच्या वर.

म्हणून ही चाचणी ठरवणाऱ्यांनी बल दिलंच नाही. वजन, उंची आणि ठोके दिले. बल हे वाळूच्या हातात आहे, ऊर्जा आपल्या हातात. बाकीच्या चाचण्यांतही हेच दिसेल: मातीच्या एसपीटी (स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट) चाचणीत ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून, माती ठोकून घट्ट करायच्या हलक्या प्रॉक्टर चाचणीत २.६ किलोचा ठोकणा ३१० मिलिमीटरवरून, खडीच्या आघात चाचणीत १३.५ ते १४ किलोचा हातोडा ३८० मिलिमीटरवरून १५ वेळा. एकातही ‘इतके न्यूटन’ असं लिहिलेलं नाही.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. रॅमरचा आकडा रोज बदलत असेल तर वाळूला दोष देण्याआधी रॅमर कशावर ठेवलाय ते बघा. डगमगत्या लाकडी टेबलावर ठेवला असेल तर ठोक्यातली काही ऊर्जा टेबल खातं आणि नमुना ढिला येतो. रॅमर पक्क्या काँक्रीटच्या ओट्यावर हवा.

चेन ब्लॉकवर, म्हणजे साखळीच्या कप्पीवर, ५०० किलोचा जॉब होता. स्लिंग (जॉब टांगायचा दोर किंवा साखळी) सैल होता, जॉब फक्त ५ सेंटिमीटर घसरला. एवढ्यानं काय होतंय?

बरंच होतं. इथं थांबण्याचं अंतर आधी माहीत नसतं, म्हणून दुसरं सूत्र वापरायचं. वजन अलगद टांगल्यावर स्लिंग किती लांबतो ते बघा. समजा २ मिलिमीटर. मग

कमाल बल = वजन × [१ + (१ + २ × घसरण ÷ अलगद लांबी-वाढ) चं वर्गमूळ]

घसरण ५० मिलिमीटर, वाढ २ मिलिमीटर: वर्गमूळ ५१ चं, म्हणजे ७.१४. त्यात १ मिळवा, ८.१४. जॉब ५०० किलोचा, झटका ४,०७० किलोचा.

आता स्लिंगवर ‘१ टन’ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. तारेच्या दोराच्या स्लिंगला साधारण पाचपट सुरक्षा धरतात, म्हणजे तो ५ टनांना तुटेल. ४ टनांचा झटका त्यानं जेमतेम सोसला, आणि आतल्या काही तारा गेल्या असतील. साखळीच्या स्लिंगला चारपट धरतात. ४ टनांच्या ताकदीवर ४.०७ टनांचा झटका. शिवाय साखळी दोरापेक्षा कमी लांबते, त्यामुळे तिच्यात प्रत्यक्ष झटका याहून मोठा येतो.

उपाय सोपा आणि फुकट आहे. हुक हळू वर घ्या, स्लिंग ताठ झाला की थांबा, जॉबचं वजन दोरावर आलंय हे बघा, मगच उचला. झटका बसलेला स्लिंग तपासल्याशिवाय पुन्हा वापरू नका.

उंची शून्य असेल, नुसतं पटकन ठेवलं तर?

दुप्पट. वरच्या सूत्रात घसरण शून्य घाला: १ + १ = २. माळ्याच्या फळीवर २५ किलोचं खोकं टेकवून एकदम हात काढला तर फळीला क्षणभर ५० किलो लागतात. आणि तेच खोकं १० सेंटिमीटर वरून सोडलं, फळी अलगद वजनाला २ मिलिमीटर लवणारी असेल, तर ११ पट, सुमारे २७५ किलो. दुकानातल्या माळ्यांच्या फळ्या वर्षानुवर्षं टिकतात आणि एके दिवशी माल ‘टाकल्यावर’ मोडतात, ते यामुळे.

सेफ्टी बूट आणि हेल्मेट नेमकं किती सोसतात?

ऊर्जेत बघा, बलात नको. आयएस १५२९८ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात येणाऱ्या सेफ्टी बुटाच्या पुढच्या टोपीची चाचणी २०० ज्यूलला होते. म्हणजे २० किलोचा कास्टिंग सुमारे १ मीटरवरून. तिसऱ्या भागातले बूट १०० ज्यूलचे. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून आतलं लेबल वाचून घ्या. ८ किलोचा कास्टिंग ०.९ मीटरच्या टेबलावरून पडला तर ७१ ज्यूल, दोन्ही चालतील. ३० किलोचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, टेम्पोच्या फाळक्यावरून, १.२ मीटरवरून बोटांवर आला तर ३५३ ज्यूल, दोन्ही चालणार नाहीत. (कोल्हापुरी चप्पल कितीही जाड तळाची असो, तिचा सगळा जाडपणा पायाखाली. दणका वरून येतो.)

हेल्मेटचं गणित आणखी बोलकं आहे. युरोपीय मानक ईएन ३९७ मध्ये ५ किलोचा गोळा १ मीटरवरून हेल्मेटवर पाडतात, म्हणजे ४९ ज्यूल, आणि खालच्या डोक्याच्या साच्यापर्यंत ५ किलोन्यूटनपेक्षा जास्त बल पोचता कामा नये. ४९ ज्यूल ५,००० न्यूटनमध्ये जिरवायचे तर किमान १ सेंटिमीटर अंतर हवं, आणि बल एकसारखं राहत नाही म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. हेल्मेटची टोपी आणि डोकं यांच्यात पट्ट्यांमुळे राहणारी मोकळी जागा म्हणजेच हे अंतर. तिथं रुमाल, विड्याचं पुडकं किंवा मोबाइल कोंबला की ते अंतर संपलं, मग हेल्मेट म्हणजे नुसती प्लॅस्टिकची वाटी. आणि वरच्या उदाहरणातली वीट आठवा: २६५ ज्यूल, चाचणीच्या पाचपटीहून जास्त. मचाणाखालून जायला हेल्मेट हा परवाना नाही. मचाणाला टो बोर्ड (कडेची उभी फळी) आणि खाली जाळी हवीच.

तालमीत पैलवान आपटतात तरी उठतात. फरशीवर तेच झालं तर?

८० किलोचा पैलवान, गुरुत्वमध्य १ मीटर खाली येतो असं धरू. हौद्यातली लाल माती रोज उकरून मऊ केलेली असते; माती आणि अंग मिळून १० सेंटिमीटर अंतर धरलं तर ८० × ११ = ८८० किलो, तेही सगळ्या पाठीवर पसरलेलं. फरशीवर फक्त अंग दबणार, ४ सेंटिमीटर धरा: ८० × २६ = २,०८० किलो. सगळं शरीर एकाच क्षणी थांबत नाही, म्हणून हे आकडे वरच्या बाजूचे आहेत. पण दोन्हींमधला फरक खरा आहे. मातीत तेल, ताक, हळद काय घालायचं यावर तालमीत मतं वेगवेगळी असतील, मात्र आकड्यात फरक पाडतं ते उकरणं. पावसाळ्यात चोपून बसलेल्या हौद्यात डाव टाकायला वस्ताद नाही म्हणतात, त्यामागं हेच गणित आहे.

दहीहंडीत खालचे लोक झेलतात, त्यानं खरंच फरक पडतो का?

४० किलोचा गोविंदा ५ मीटरवरून आला, झेलणाऱ्यांचे हात त्याच्यासोबत ६० सेंटिमीटर खाली गेले, तर ३७३ किलो. आठ जणांत वाटले तर माणशी ४७. रस्त्यावर ४ सेंटिमीटरमध्ये थांबला तर ५,००० किलोच्या वर. झेलताना हात ताठ ठेवले तर अंतर कमी होतं, मग झेलणाऱ्याचं मनगट आणि पडणाऱ्याची बरगडी दोन्ही जातात. हात वर घ्यायचे आणि वजनासोबत खाली न्यायचे.

हार्नेसची, म्हणजे उंचावर काम करताना अंगावर बांधायच्या पट्ट्यांची, दोरी मजबूत असली की पुरे ना?

उलट, नुसती मजबूत दोरी घातक. हत्यारांसकट १०० किलोचा माणूस, १.८ मीटरची दोरी, पाठीच्या कडीच्या उंचीवर अडकवलेली. तो १.८ मीटर पडतो. साधी दोरी १५ सेंटिमीटर ताणली तर १०० × १३ = १,३०० किलो सरासरी, कमाल त्याच्या दुप्पट जवळ. दोरी तुटणार नाही, माणूस तुटेल.

शॉक अॅब्सॉर्बर असलेल्या दोरीत शिवलेली पट्टी ठरावीक बलाला उसवत जाते. मानकाची कमाल मर्यादा ६ किलोन्यूटन. समजा पट्टी ४ किलोन्यूटनला उसवते, तर १८० सेंटिमीटरच्या पडण्याला ती सुमारे ५८ सेंटिमीटर उसवेल.

पण याची किंमत जागेत मोजावी लागते. १.८ मीटर पडणं, ०.६ उसवणं, कडीपासून पायापर्यंत १.५, वर १ मीटर राखीव: हुकाखाली सुमारे ५ मीटर मोकळी जागा हवी. साडेतीन मीटरच्या शेडमध्ये ही दोरी पूर्ण उसवायच्या आत माणूस जमिनीला पोचतो. तिथं छोटी दोरी घ्या किंवा हुक डोक्यावर लावा. पायाशी हुक लावला तर पडणं १.८ नव्हे, ३.३ मीटर होतं.

हवेचा अडथळा धरायचा का?

वीट, कास्टिंग, पाना यांसाठी पाच-सहा मजल्यांपर्यंत नको. क्रिकेटचा चेंडू १० मीटरवरून सोडला तर हवेमुळे वेग सुमारे ३ टक्के कमी होतो, बस. थांबण्याच्या अंतरातली आपली चूक याच्या कितीतरी पट असते. पत्रा, झावळी, रिकामं पोतं यांना मात्र धरावाच लागतो. गारांनाही: त्या ढगातून येतात म्हणून त्यांचा वेग उंचीवरून काढायचा नाही. २ सेंटिमीटरची गार साधारण सेकंदाला २० मीटरवर स्थिरावते, ऊर्जा पाऊण ज्यूलच्या आसपास.

९.८ घ्यायचं की ९.८१? कोल्हापूर उंचावर आहे ना?

कोल्हापुरात खरा आकडा ९.७८ च्या आसपास आहे. फरक पाव टक्क्याचा. थांबण्याच्या अंतराचा अंदाज पन्नास टक्क्यांनी चुकतो तिथं यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

वस्तू उसळून परत वर आली तर बल कमी होतं का?

नाही. खाली थांबेपर्यंतचं बल तेच. संवेगाच्या वाटेनं करत असाल तर उसळीचा वेगही मिळवा: ९.९ नं आली आणि ४ नं परत गेली तर बदल १३.९. आणि वेळ पूर्ण स्पर्शाचा घ्या, फक्त दबण्याचा नको. एक घेतलं आणि दुसरं विसरलं की उत्तर बिघडतं.

बल कमी असूनही लादी का फुटते?

दोन किलोचा वरवंटा ओट्यावरून, ८० सेंटिमीटरवरून पडला तर जेमतेम १६ ज्यूल. पण तो टोकावर पडतो. सगळं बल नखाएवढ्या जागेवर येतं, म्हणून तिथला दाब प्रचंड. त्यातून लादीखाली सिमेंट नीट भरलं नसेल, ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर लादी वाकते, आणि लादीला वाकणं सोसत नाही. लादी फुटली म्हणून वरवंट्याला आणि कंपनीला शिव्या देण्याआधी उरलेल्या लाद्या नाण्यानं ठोकून बघा.

मोबाइलच्या अॅपनं दणका मोजता येतो का?

हळू दणका येतो, कडक येत नाही. बहुतेक फोनमधला सेन्सर गुरुत्वाच्या ८ किंवा १६ पटीपुढं वाचतच नाही, आकडा तिथंच अडकतो. आणि सेकंदाला काहीशे वाचनं घेत असेल तर २ मिलिसेकंदांचा दणका दोन वाचनांच्या मधूनच निसटतो. स्लो मोशन व्हिडिओ जास्त उपयोगी: सेकंदाला २४० चित्रं म्हणजे दर चित्रामागं ४.२ मिलिसेकंद. गादी, माती, पोतं यांचं थांबण्याचं अंतर त्यात पट्टी ठेवून वाचता येतं. पोलादावर पोलाद असेल तर मात्र त्यातही काही दिसत नाही.

फोर्जिंगच्या हातोड्याखाली एरण एवढी अवजड का असते?

हलकी एरण स्वतःच हलते आणि ऊर्जा जमिनीत जाते. एरण हातोड्याच्या २० पट असेल तर सुमारे ९५ टक्के ऊर्जा जॉबला आकार देण्यात खर्ची पडते. बरोबरीची असेल तर फक्त निम्मी.

या हिशोबावर डिझाइन पक्कं करायचं का?

पॅकिंग, टेबल, रॅक, साध्या संरक्षक जाळ्या यांचा पहिला अंदाज घ्यायला जरूर. माणसाचा जीव ज्यावर अवलंबून आहे तिथं, म्हणजे हार्नेसचा अँकर, क्रेनचा हुक, लिफ्टचा बफर यांसाठी, त्या त्या मानकाप्रमाणं चाचणी झालेला माल घ्या आणि इंजिनिअरची सही घ्या. अहवाल लिहिताना वजन, उंची, थांबण्याचं अंतर आणि ते मोजलं की धरलं, आणि बल सरासरी की कमाल, या पाच गोष्टी बलाच्या आकड्याशेजारीच लिहा.